चेरी कोळंबी माशांच्या टँकमध्ये: काय करावे, काय टाळावे

दुकानातल्या काचेमागे नखाएवढ्या लाल कोळंब्या शेवाळ खुडताना दिसल्या की भलेभले पाकीट काढतात. दहा-बारा पिशवीत येतात, घरच्या माशांच्या टँकमध्ये सुटतात आणि पंधरवड्यात दोन-तीन उरतात. खापर गप्पीवर नाहीतर एंजलवर फुटतं. मासे कोळंबी खातात हे खरंच आहे. पण पुष्कळ घरांत मासा तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच पाण्याने, औषधाने किंवा डास पळवायच्या मशीनने तिचा निकाल लावलेला असतो. म्हणून ही यादी माशांइतकीच माणसांच्या सवयींची आहे.

विकत घेताना

करा: सुरुवात चेरीपासूनच करा. शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. मूळची पूर्व आशियातल्या ओढ्यांतली आणि तिथे रंगाने मातकट. हा लालभडक रंग पिढ्यान्‌पिढ्या निवडून पैदास करून आणलेला आहे. पुरी वाढ अडीच-तीन सेंटिमीटर, आयुष्य दीड-दोन वर्षं. थोडी तयारी केली तर नळाच्या पाण्यात जगते आणि पिल्लंही गोड्या पाण्यातच वाढवते.

करा: मोठ्या, गर्द लाल माद्यांपेक्षा अर्धवट वाढलेल्या घ्या. नव्या पाण्याशी त्या लवकर जुळवून घेतात आणि त्यांचं आयुष्यही पुढे असतं. किमान दहा-पंधरा घ्या. चार आणल्या तर त्या लपूनच बसतील आणि नर-मादीचा मेळ लागेलच असं नाही.

करा: पिल्लं नकोत, फक्त शेवाळ आवरायचं असेल तर अमानो कोळंबी आणा. जलउद्यानाची कला जगभर नेणाऱ्या ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकाराने तिला प्रसिद्ध केलं, नावही त्याचंच पडलं. ती पाच सेंटिमीटरपर्यंत वाढते, त्यामुळे छोटे मासे तिच्या वाटेला जात नाहीत. तिच्या पिल्लांना मात्र सुरुवातीला निमखारं पाणी लागतं. घरच्या टँकमध्ये तिची वंशवेल वाढत नाही.

टाळा: पहिल्याच खेपेला क्रिस्टल रेड. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची ही जात जपानमध्ये हिसायासु सुझुकी यांनी १९९० च्या दशकात घडवली. देखणी आहे, यात वाद नाही. पण तिला साडेपाच ते साडेसहा पीएच, जवळपास शून्य केएच (कार्बोनेट कठीणपणा) आणि २० ते २४ अंश तापमान लागतं. नागपूरच्या मे महिन्यात हे जमवायचं म्हणजे चिलर आला, आणि चिलरची किंमत टँकपेक्षा जास्त भरते.

टाळा: ‘घोस्ट श्रिम्प’ म्हणून स्वस्तात मिळणारी पारदर्शक कोळंबी. त्या नावाखाली कितीदा तरी नदीतल्या मोठ्या कोळंबीची, म्हणजे मॅक्रोब्रॅकियमची, पिल्लं विकली जातात. पायांची दुसरी जोडी लांब आणि टोकाला नांग्या असतील तर ती पिशवी परत द्या. वाढली की ती रात्री झोपलेल्या माशांचे पर कुरतडते आणि चेरीचा तर फराळच करते.

टाळा: लाल, निळी आणि पिवळी चेरी एकाच टँकमध्ये. तिन्ही एकाच जातीच्या, सर्रास एकमेकींत मिसळतात आणि काही पिढ्यांत पुन्हा तोच ओढ्यातला मातकट रंग उतरतो. तुम्हाला रंगाचं काही नसेल तर हा नियम खुशाल मोडा, कोळंबीचं त्यात काही बिघडत नाही.

पाणी

करा: टँक आधी मुरू द्या. माशांची विष्ठा आणि उरलेलं अन्न यांतून अमोनिया होतो, एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे नायट्रेट. ही साखळी बसायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, नायट्रेट विसाच्या आत, असं टेस्ट किटवर दिसलं की मगच कोळंबी. मासे आधीपासून सुखात आहेत एवढ्यावर विसंबू नका. जे नायट्राइट टेट्रा कसंबसं सोसतो त्यात कोळंबी मरते. शिवाय नव्या टँकच्या काचेवर, दगडावर आणि पानांवर जिवाणू-शेवाळाचा बुळबुळीत थर धरलेला नसतो, आणि तिचं मुख्य जेवण तेच.

करा: आपलं पाणी ओळखा. चेरीला पीएच साडेसहा ते आठ, जीएच (एकूण कठीणपणा) ६ ते १२, केएच २ ते ८ आणि टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) साधारण १५० ते ३०० चालतो. भातसा, तानसा, वैतरणाचं मुंबईला येणारं पाणी म्हणजे बेसाल्टच्या डोंगरांवर साठलेलं पावसाचं पाणी, म्हणून मऊ. खडकवासल्याचंही तसंच. माशांना ते छान, पण कोळंबीला कवच बांधायला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लागतं. अशा ठिकाणी कोळंबीसाठीची खनिज पूड मापाने घाला. निव्वळ कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेनाचा एक तुकडा फिल्टरजवळ ठेवला तरी हळूहळू भर पडते. याच्या उलट बोअरचं किंवा टँकरचं पाणी: टीडीएस सहाशे-आठशेच्या घरात असेल तर आरओचं पाणी मिसळून खाली आणा.

टाळा: नुसतं आरओचं पाणी. त्यात खनिजं जवळपास नसतातच. ‘शुद्ध’ म्हणून अख्खा टँक त्याने भरला तर पुढच्या एक-दोन काती टाकताना कोळंब्या मरू लागतात.

करा: नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढून मगच टँकमध्ये घाला. दुकानातले डिक्लोरिनेटरचे थेंब नाहीतर हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, पुरतात. नाहीतर बादलीत एअर स्टोन लावून पाणी दिवसभर खेळतं ठेवा. पावसाळ्यात गढूळ पाणी शुद्ध करताना क्लोरीनचा हात सैल असतो. नळ सोडल्यावर वास आला तर त्या दिवशी पाणी बदलूच नका.

करा: आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदला, जास्त नको. नवं पाणी हळू सोडा. टँकवर बादली ठेवून एअर पंपाच्या नळीतून ठिबकत आलं तर सर्वांत चांगलं. एकदम अर्धा टँक बदलला की टीडीएस आणि तापमानाच्या धक्क्याने कोळंब्या अवेळी कात टाकतात आणि त्यातच अडकून मरतात.

टाळा: उन्हाळ्यात उडून गेलेल्या पाण्याची भरपाई रोज नळाच्या पाण्याने करणं. वाफ होते ती निव्वळ पाण्याची, क्षार टँकमध्येच राहतात. महिनाभर असं केलं की टीडीएस कुठल्या कुठे जातो. ही भरपाई तेवढी आरओच्या पाण्याने करा. नुसतं आरओ नको हा वरचा नियम मोडायची ही एकच जागा.

पिशवीतून टँकमध्ये सोडताना

करा: पिशवीतलं पाणी आणि कोळंब्या एका डब्यात काढा. टँकमधून एअर पंपाची नळी डब्यात सोडा, नळीला सैल गाठ मारा आणि सेकंदाला दोन-तीन थेंब पडू द्या. दीड-दोन तासांत डब्यातलं पाणी तिप्पट झालं की छोट्या जाळीने कोळंब्या उचला. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. त्यात प्रवासातला अमोनिया असतो आणि दुकानातल्या औषधांचा अंशही असू शकतो.

टाळा: सोडल्या दिवशी खायला घालणं आणि लखलखीत दिवा लावणं. पहिले दोन दिवस त्या दिसणारच नाहीत. शोधायला दगड उचलत बसू नका.

सोबतीला कोण

मासा शाकाहारी आहे की मांसाहारी, शांत आहे की तापट, याने फारसा फरक पडत नाही. तोंड केवढं, ते बघा. तोंडात मावेल ते मासा गिळतो. मोठी चेरी बऱ्याच छोट्या माशांच्या तोंडात मावत नाही. पिल्लू जन्मतः दोन मिलिमीटरच्या आसपास असतं आणि ते जवळपास सगळ्यांच्याच तोंडात मावतं.

करा: निर्धास्त सोबत हवी तर ओटोसिंक्लस मासा आणि नेराइट गोगलगाय. दोघांचंही लक्ष काचेवरच्या शेवाळात.

करा: एम्बर टेट्रा, चिली रास्बोरा, पिग्मी कोरीडोरास यांच्याबरोबर दाट मॉस लावून संसार चालतो. थोडी पिल्लं जातील, थोडी वाचतील. निऑन टेट्रा आणि गप्पी मोठ्या कोळंबीला सहसा हात लावत नाहीत, पण पिल्लं टिपण्यात दोघंही पटाईत. गप्पीच्या टँकमध्ये कोळंब्यांची संख्या वाढत का नाही, असं पुष्कळ जण विचारतात. उत्तर गप्पीच्या पोटात असतं.

करा: कोळंबी आधी, मासे नंतर. माझ्या मते या यादीतली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी पाळली जाणारी सूचना हीच. कोळंब्यांना दोन-तीन महिने एकट्या राहू द्या. पिल्लांच्या दोन खेपा होऊ द्या, मॉस गच्च होऊ द्या, मग छोटे मासे सोडा. वाढलेली वस्ती थोडी शिकार पचवते. नवीन, घाबरलेल्या दहा कोळंब्यांना ते जमत नाही.

टाळा: एंजल, गोरामी, टायगर बार्ब, गोल्डफिश, लोच, कोणताही सिक्लिड. ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्नबद्दल बोलायलाच नको. केरळचा चिमुकला पी पफर दिसतो खेळण्यासारखा, पण गोगलगाय आणि कोळंबी हेच त्याचं आवडतं खाद्य. ‘मिस केरळा’, म्हणजे सह्याद्रिया डेनिसोनी, आपल्या पश्चिम घाटातला मासा असला तरी या टँकमध्ये नको; तो दहा-बारा सेंटिमीटर होतो आणि सतत तोंड मारत फिरतो.

टाळा: बेट्ट्यावर भरवसा. एक बेट्टा कोळंब्यांकडे ढुंकून बघत नाही, दुसरा रात्रीत टँक साफ करतो. कोणता कसा निघेल हे दुकानदारही सांगू शकत नाही.

टँकची मांडणी

करा: नुसत्या कोळंब्यांना वीस लिटर पुरतात, माशांसकट ठेवायच्या तर चाळीसच्या खाली जाऊ नका. पाणी जास्त तितके त्यातले बदल सावकाश.

करा: स्पंज फिल्टर लावा. हँग-ऑन किंवा कॅनिस्टर असेल तर त्याच्या तोंडावर स्पंज चढवा, नाहीतर पिल्लं थेट आत जातात. स्पंज टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळा, नळाखाली धरू नका. तुमचे जिवाणू तिथेच राहतात.

करा: जावा मॉस लावा, तेही मुठीने. वेलासारख्या तरंगत्या वनस्पतीही चालतील. मॉसच्या झुपक्याकडे भिंगातून पाहिलंत तर कोळंबी कशी जेवते ते कळतं: पुढच्या चार छोट्या चिमट्यांनी ती एकामागून एक कण उचलते आणि हात न थांबवता तोंडात सारते, तासन्‌तास. मॉसच्या प्रत्येक काडीवर तिला काहीतरी सापडतच असतं. पिल्लांना लपायला आणि खायला एकाच जागी मिळतं, म्हणून महागड्या लाकडापेक्षा मॉसवर खर्च करा.

टाळा: नर्सरीतून आलेलं रोप थेट टँकमध्ये लावणं. कितीतरी पाणवनस्पती कीटकनाशक मारून पाठवल्या जातात. माशाला त्याने काही होत नाही, कोळंबी तासाभरात उलटी पडून पाय झाडू लागते. रोप दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा, पाणी बदलत राहा. टिश्यू कल्चरच्या डबीतलं रोप घेतलं तर ही भीती नाही.

घरातलं विष

इथे थोडं रेंगाळतो, कारण ‘काही केलं नाही तरी मेल्या’ या तक्रारीचं मूळ बहुतेकदा टँकच्याच खोलीत सापडतं. कोळंबी ही किड्यांची दूरची नातलग. किडा मारायला बनवलेलं रसायन तिच्यापाशी येऊन थांबत नाही.

टाळा: टँक असलेल्या खोलीत डासांचं लिक्विड मशीन, उदबत्तीसारखी जळणारी कॉइल आणि स्प्रे. यांत पायरेथ्रॉइड वर्गातली रसायनं असतात, आणि ती माशांनाही वाईट, कोळंबीला तर फारच. त्यातून एअर पंप खोलीतली हवा ओढून बुडबुड्यांनी पाण्यात मिसळतो, म्हणजे आपणच विष घुसळून देतो. त्या खोलीत मच्छरदाणी लावा नाहीतर खिडक्यांना जाळी.

करा: पावसाळ्यात गल्लीत धुराची फवारणी आली की खिडक्या लावा, टँक झाका, धूर ओसरेपर्यंत एअर पंप बंद ठेवा. मग लगेच सुरू करा, विसरू नका.

टाळा: झुरळांचा खडू, पेस्ट कंट्रोल, भिंतीवरचं वाळवीचं औषध, हे सगळं टँकजवळ. कुत्र्याच्या मानेवर गोचिडांचे थेंब लावून तोच हात पाण्यात घालणं. डासांचं मलम लावलेला हात. फिनेल किंवा साबण लागलेली बादली. टँकची बादली आणि मग वेगळेच ठेवा, त्यावर रंगाने खूण करा आणि घरात सगळ्यांना सांगा.

टाळा: तांबं. कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहणारं द्रव्य तांब्याचंच असतं, तरी पाण्यात तांबं जरा जास्त झालं की ती मरते. म्हणून रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवलेलं पाणी टँकमध्ये नको, गीझरचं गरम पाणीही नको. माशांच्या औषधाच्या बाटलीवर कॉपर सल्फेट लिहिलेलं असेल तर ती दुकानातच राहू द्या. वनस्पतींच्या द्रवखतात तांबं अगदी किंचित असतं आणि मापात चालतं, पण ‘जरा जास्त टाकू’ हा मोह आवरा.

करा: मासा आजारी पडला, अंगावर पांढरे ठिपके आले, तर त्या माशाला वेगळ्या टबात काढून तिथे औषध द्या. कोळंब्या असलेल्या टँकमध्ये माशांचं कोणतंही औषध टाकायचं नाही, मग दुकानदार कितीही शपथा घेवो.

खाणं

करा: कमी द्या. वीसेक कोळंब्यांना मसुरीच्या दाण्याएवढी एक गोळी, तीही एक दिवसाआड. माशांच्या टँकमध्ये बुडालेलं खाद्य उरत असेल तर तेवढ्यावरही त्यांचं भागतं.

करा: देशी बदामाचं वाळून आपोआप गळलेलं तांबडं-तपकिरी पान टाका. मुंबईत गल्लोगल्ली ही झाडं आहेत. गटाराकाठची आणि धूळ खाणाऱ्या रस्त्यावरची पानं नकोत, सोसायटीच्या आतली घ्या. धुऊन, पाच मिनिटं उकळून टाकलं की बुडतं. आठवडा-दीड आठवड्यात पिल्लं त्याची जाळीदार शीर तेवढी शिल्लक ठेवतात. पाणी थोडं चहाच्या रंगाचं होतं, त्याला घाबरायचं कारण नाही.

करा: दुधी किंवा दोडक्याची चकती मिनिट-दोन मिनिटं उकळून द्या. दोन-तीन तासांनी उरलेली काढून टाका.

टाळा: बाजारातला पालक नुसता विसळून टाकणं. पानावर मारलेलं औषध विसळण्याने पुरतं जात नाही. गच्चीतल्या कुंडीतला असेल तर द्या.

टाळा: उरलंसुरलं टाकत राहणं. अति खाऊ घालण्याने प्लॅनेरिया माजतो: पांढरा, चपटा, बाणासारख्या डोक्याचा, काचेवरून सरपटणारा किडा. तो पिल्लांवर आणि अशक्त कोळंब्यांवर चढाई करतो. त्यावर जी पूड मिळते तिच्यात सुपारीचा अर्क असतो, पण म्हणून घरातल्या सुपारीचे प्रयोग करू नका. पुडीचा डोस मोजलेला असतो. आधी गोगलगायी बाहेर काढा, त्यांना हे औषध सोसत नाही.

कात आणि अंडी

करा: टाकलेली कात टँकमध्येच राहू द्या. कोळंब्या ती खाऊन त्यातली खनिजं परत घेतात. नवखी माणसं कातीला मढं समजून काढून टाकतात. फरक सोपा आहे: कात काचेसारखी पारदर्शक, मिशांच्या नळ्यांसकट पोकळ असते, मेलेली कोळंबी आतून भरलेली आणि शिजवल्यासारखी गुलाबी-पांढरी. ती मात्र लगेच काढा.

करा: पाठीवर, डोक्याच्या मागे, कवचाला सगळीकडून पांढरी चीर पडलेली दिसली तर पाणी तपासा. कात नीट सुटत नाहीये. खनिजं कमी आहेत नाहीतर पाणी एकदम बदललं गेलं आहे. ती कोळंबी बहुधा वाचत नाही, बाकीच्यांसाठी वेळ असतो.

करा: एखाद्या दिवशी सगळे नर वेड लागल्यासारखे टँकभर सुसाट पोहू लागले तर घाबरू नका, आनंद करा. मादीने कात टाकली आहे आणि तिने पाण्यात सोडलेल्या वासाने ते तिला शोधताहेत. एक-दोन दिवसांत तिच्या पोटाखाली वीस-तीस अंडी दिसतील. ती सतत पाय हलवून त्यांना वारा घालते. तीन-चार आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात, आईसारखीच दिसणारी, फक्त टाचणीच्या टोकाएवढी.

टाळा: अंडीवाल्या मादीला पकडून ‘सुरक्षित’ डबीत ठेवणं. धास्तीने ती अंडी झटकून टाकते.

उन्हाळा आणि वीज

करा: पाणी २८ अंशांच्या वर जाऊ लागलं की झाकण काढून पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. पुण्यात, नागपुरात हे छान जमतं. मुंबईच्या दमट हवेत कमी. टँक उन्हाच्या भिंतीला असेल तर आधी तो हलवा.

टाळा: बर्फाचे खडे थेट टँकमध्ये. पाण्याची बंद बाटली थंड करून तरंगत ठेवलीत तरी तापमान सावकाश उतरेल असं बघा.

करा: लोडशेडिंगच्या गावात बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ ठेवा. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो, त्यात फिल्टर चार तास बंद राहिला तर कोळंब्या पृष्ठभागापाशी चढून एका कडेला गोळा होतात. हे दिसलं की वाट बघत बसू नका.

जास्त झाल्या तर

आणि होतात. सहा-आठ महिन्यांत दहाच्या दीडशे होणं अवघड नाही.

करा: ओळखीतल्या टँकवाल्यांना द्या, दुकानात अदलाबदल करा. रंगाने फिक्या असलेल्या वेगळ्या काढल्या तर पुढची पिढी लाल राहते. काहीच नाही तर दुसऱ्या टँकमधल्या मोठ्या माशांना खाऊ घाला. ऐकायला कठोर वाटतं, पण नदीत सोडण्यापेक्षा हे बरं.

टाळा: ओढ्यात, तलावात, गणपती विसर्जनाच्या हौदात सोडणं. ही कोळंबी जर्मनी आणि पोलंडमध्ये कोमट पाण्याच्या जागा धरून बसली आहे, हवाईतही तिने पाय रोवले आहेत. सह्याद्रीच्या ओढ्यांत आपल्या स्वतःच्या कॅरिडिना कोळंब्या आहेत. त्यांच्यात परकी कोळंबी आणि तिच्या अंगावरचे परजीवी नेऊन सोडायचं काही कारण नाही. त्याच न्यायाने ओढ्यातल्या पकडून टँकमध्येही आणू नका.

टाळा: पाणी बदलताना काढलेलं पाणी मोरीत ओतणं. ते कुंड्यांना घाला, झाडांना मानवतं. ओतण्याआधी बादलीत टॉर्च मारा. सायफनबरोबर आलेली दोन-चार पिल्लं तळाशी हमखास सापडतात.